सात ते दहाचे साहेब

आमचे साहेब लग्नाला गेले की आधी मांडवातले हॅलोजन मोजायचे आणि मग नवरा-नवरीकडे बघायचे. मुहूर्त दुपारी साडेबाराचा, बाहेर ऊन मी म्हणतंय आणि मांडवात हॅलोजन पेटलेले. अक्षता पडेपर्यंत त्यांचा जीव कासावीस व्हायचा. एकदा भूगावला एका बिल्डरच्या मुलाच्या लग्नात ते उठून सरळ मांडववाल्याकडे गेले आणि म्हणाले, "बाबा, तुला सूर्य दिसत नाही का?" त्याला वाटलं, हे नवरीकडचे चिडलेले मामा. त्याने निमूटपणे चार दिवे बंद केले. साहेब परत येऊन माझ्या शेजारी पंगतीला बसले, जिलबी तोंडात टाकली आणि म्हणाले, "चार किलोवॅट." नवरीचं नाव काय होतं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मी त्यांच्या हाताखाली ऑपरेटर होतो. मूळचा बार्शीकडचा, नोकरीमुळे मुळशीत आलेला. कोळवण खोऱ्याच्या तोंडाशी वीज खात्याचं एक लहानसं सबस्टेशन होतं, तिथे आम्ही पाळीने बसायचो. दर तासाला मीटरचे काटे बघायचे, लॉगशीटवर आकडे लिहायचे, वरून फोन आला की गावाकडे जाणारी लाइन म्हणजे फीडर बंद करायचा आणि पुन्हा फोन आला की चालू करायचा. साल दोन हजार चार-पाचच्या आसपासचं, म्हणजे भारनियमनाचं. चालू करण्यापेक्षा बंद करण्याचंच काम जास्त असायचं. मला शिव्या खाण्याचा पगार मिळतो, असं मी बायकोला सांगायचो.

साहेब म्हणजे आमचे कनिष्ठ अभियंता. धुळ्याकडचे, उंच, जरा पोक काढून चालणारे. त्यांच्या खांद्याला एक कापडी पिशवी असायची. तिच्यात तारेला चिमट्यासारखा लावून प्रवाह मोजायचा टाँग टेस्टर, दोन स्क्रूड्रायव्हर आणि कोऱ्या कागदाच्या पट्ट्या. त्या पट्ट्यांचा उपयोग मला ते पहिल्यांदा आमच्या भूगावच्या घरी आले तेव्हा कळला. बायकोने चहा टाकला. साहेबांनी स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, "वहिनी, दोन मिनिटं येऊ का?" मग फ्रीजच्या दारात कागदाची पट्टी धरून त्यांनी दार लावलं आणि पट्टी ओढली. ती सहज निघून आली.

"रबर गेलाय," साहेब म्हणाले. "तुम्ही सगळं भूगाव थंड करताय."

ते गेल्यावर बायकोने मला विचारलं, "हे तुमचे साहेब की फ्रीजवाले?" पण दुसऱ्याच रविवारी तिने रबर बदलून घेतला आणि पुढच्या महिन्यात शेजारणीच्या फ्रीजच्या दारात ती स्वतः कागद धरायला लागली. साहेबांचं हे असं होतं. माणूस आधी त्यांना हसायचा आणि मग त्यांच्यासारखा वागायला लागायचा. मी स्वतः आज रिकाम्या खोलीतला पंखा बंद केल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. मुलं मला चिडवतात, चिडवू देत.

सबस्टेशनच्या गच्चीवर त्यांनी सूर्यचूल ठेवली होती. आतून काळी पत्र्याची पेटी, वर काच आणि आरसा. सकाळी नऊला ते डाळ-तांदूळ लावायचे आणि एक वाजता आम्ही जेवायचो. हिवाळ्या-उन्हाळ्यात खिचडी झकास व्हायची, हे मला मान्य करायलाच हवं. पण मुळशीत पाऊस चार महिने असतो आणि साहेबांची श्रद्धा बारा महिने होती. जुलैत ताम्हिणीकडून ढग येऊन थेट गच्चीवर टेकायचे, आणि साहेब एका हातात छत्री धरून दुसऱ्या हाताने आरशाचा कोन बदलत उभे. दोन वाजता पेटी उघडायची, तर तांदूळ कोमट पाण्यात जसेच्या तसे. "आज वरूनच भारनियमन आहे," असं म्हणून ते माझ्या डब्यातली भाकरी उचलायचे. शेवटी बायको पावसाळ्यात दोन भाकऱ्या जास्तीच्याच बांधून द्यायला लागली.

कोळवणकडे तेव्हा शहरातल्या लोकांनी फार्महाऊस घ्यायचा धडाका लावला होता. नवीन जोडणीचा अर्ज घेऊन कोणी आलं की साहेब त्याला आधी चहा पाजायचे आणि मग हळूच विचारायचे, "अंघोळीचं पाणी कशावर तापवणार?" गिझर म्हटलं की त्यांचा चेहरा सुतकी व्हायचा. नियमात तसं काही नव्हतं आणि अर्ज ते कधीच अडवत नसत. पण ते छपरावरच्या सोलर बंबाबद्दल इतकं समजावत, कागदावर इतकी चित्रं काढत, की माणूस सुटका तरी होईल म्हणून बंब बसवून मोकळा व्हायचा. एका डॉक्टरबाईंनी मला बाहेर येऊन विचारलं होतं, "हे नक्की वीज खात्यातच आहेत ना?"

हाच प्रश्न त्यांना भर ग्रामसभेत पारूमावशीने विचारला, आणि तिथून खरी गोष्ट सुरू होते.

आमच्या सबस्टेशनवरून एक फीडर एका मोठ्या गावाला आणि त्याच्या चार वाड्यांना जायचा. ओढ्याच्या कडेने पाऊणशे पाण्याच्या मोटारी, मध्ये पारूमावशीची पिठाची गिरणी आणि शेजारी तिचंच भात सडायचं मशीन. मावशीचा नवरा लवकर गेला होता. गिरणी तिने एकटीने चालवली होती, त्यामुळे तिचा आवाज गिरणी चालू असतानाही पट्टा तुटल्यासारखा लख्ख ऐकू यायचा. संध्याकाळी सात ते दहा सगळ्या राज्यातच विजेची ओढाताण, म्हणून नेमका त्याच वेळी गावात अंधार असायचा. पोरांचा अभ्यास कंदिलावर, स्वयंपाक चिमणीच्या उजेडात. साहेबांनी पुण्याच्या मोठ्या साहेबांकडे खेटे घालून एक योजना मंजूर करून आणली. सात ते दहा गावाने मोटारी, गिरणी, पाणी तापवायच्या कांड्या आणि विजेच्या शेगड्या बंद ठेवायच्या. फक्त दिवे, पंखे, टीव्ही चालवायचे. तसं केलं तर खातं गावाची लाइन त्या तीन तासांत बंद करणार नाही. एरवी त्या फीडरवर तीस अँपिअर असायचे. सात ते दहा काटा दहाच्या आत राहिला पाहिजे, एवढीच अट होती.

मोठ्या साहेबांनी मंजुरी देताना आणखी एक अट घातली. काटा एकदा जरी दहाच्या वर गेला तर योजना रद्द, आणि गाव पुन्हा अंधारात. लोक शब्द पाळतील यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर माझाही नव्हता.

ग्रामसभेत पारूमावशी उभी राहिली.

"सायेब, एक इचारू? तुमचं खातं वीज इकतंय का न्हाई?"

"विकतं."

"आन तुमी दारोदार सांगत हिंडताय, वापरू नगा. वाणी कदी म्हन्तो का, साखर नगा घिऊ?"

सभा खदखदून हसली. साहेबही हसले. मग म्हणाले, "मावशी, दुकानात दहा किलो साखर आहे आणि गिऱ्हाइकं आली वीस. वाण्यानं पुढच्या दहा जणांना किलो किलो देऊन शटर ओढावं, की वीस जणांना अर्धा अर्धा किलो द्यावी?"

"अर्धा अर्धा," मावशी म्हणाली. "पर मापात पाप नगं."

"माप तुमच्याच हातात आहे. मी कुलूप लावणार नाही, माणूस ठेवणार नाही. सात वाजले की ज्याचा त्याने आपल्या मोटारीचा स्टार्टर पाडायचा."

मागून एक म्हातारा म्हणाला, "आमच्या पान्यावर केलेली वीज घाट उतरून म्हमईला जाती, आन आमी हितं कंदिलाच्या काचा पुसतुया. त्येचं काय?"

सभेतलं हसू मावळलं. त्या खोऱ्यात मुळशी धरणाचा विषय निघाला की असंच होतं. साहेब म्हणाले, "बाबा, ते खरं आहे, आणि ते माझ्या हातात नाही. सात ते दहा माझ्या हातात आहे. तेवढं मी देतो."

गावाने सह्या केल्या. मावशीने अंगठा न उठवता सही केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "बगू, पयला कोन खोटं वागतंय त्ये. मी वागनार न्हाई." रानातून माणसं परततात तीच वेळ गिरणीच्या गर्दीची असते, म्हणजे सगळ्यात जास्त झळ तिलाच बसणार होती.

दिवाळी झाल्यावर योजना सुरू झाली. पहिल्या संध्याकाळी साहेब पावणेसातलाच सबस्टेशनवर आले, स्टूल ओढून काट्यापुढे बसले. सात वाजले. काटा तीसवरून हलला. अठ्ठावीस, पंचवीस, मग भराभर खाली. साहेब स्टुलावरून उठून उभे राहिले. "बघ, बघ, हे आत्ता कुणीतरी उठून स्टार्टर पाडला! हा वरच्या वाडीचा. हे बघ, ही गिरणी गेली." सव्वासातला काटा नऊवर येऊन थांबला. साहेब म्हणाले, "कोसभरावर पाऊणशे माणसांनी दिलेला शब्द पाळला आणि आपल्याला इथे खुर्चीत बसून दिसलं. दुसऱ्या कुठल्या नोकरीत दिसतं हे?"



मग ते रोजच यायला लागले. घरी बायका-मुलं होती, तीही बिचारी समजून घ्यायची. काट्याच्या हलण्यावरून कोणाची मोटार बंद झाली ते आपल्याला ओळखता येतं, असा त्यांचा दावा होता. मी एकदा गावच्या एसटीडी बूथवर फोन लावून पाच वेळा खातरजमा केली. दोनदा बरोबर निघालं, तीनदा चूक. "म्हणजे चाळीस टक्के," साहेब खूश होऊन म्हणाले.

गाव मात्र शंभर टक्के खरं वागत होतं. महिन्यामागून महिने गेले, काटा नऊच्या वर गेला नाही. दुसऱ्या गावांचे सरपंच येऊन चौकशी करून जायला लागले. आणि मग चैत्रात गावची जत्रा आली.

जत्रेची तयारी साहेबांनी स्वतः केली होती. देवळावरच्या माळा त्यांनी मोजून दिल्या, दुकानांना दिवे ठरवून दिले, पाळणेवाल्याला जनरेटर आणायला लावला. त्यांच्या हिशोबाने काटा साडेनऊवर थांबणार होता. सातला तो खाली आला, दहावर थोडा थबकला, आणि मग आम्ही बघत असताना उलटा वर चढायला लागला. साडेदहा. अकरा. सव्वासातला बारा.

"मोटारी लावल्या भडव्यांनी," मी म्हणालो.

"नाही. मोटार अशी चढत नाही. मोटार उडी मारते," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "हे घराघरांतून चाललंय."

 लॉगशीट माझ्यापुढे होती आणि तासाचा रकाना अजून कोरा होता. खोलीत आम्ही दोघंच. मी म्हणालो, "साहेब, नऊ लिहितो. जत्रेचा एक दिवस. कोण बघतंय?"

"बारा लिही."

"साहेब, गाव उद्यापासून अंधारात जाईल."

"जाईल." ते म्हणाले. "गावानं पाच महिने माझ्याशी खोटं केलं नाही. आज मी त्यांच्या नावावर खोटं लिहू?"

मी बारा लिहिले. दहाच्या वर लाइन चालू ठेवायची परवानगीच नव्हती. साहेबांनी मला लाइन तोडायच्या ब्रेकरला हात लावू दिला नाही, स्वतःच्या हाताने हँडल फिरवलं. खिडकीतून समोरच्या टेकडीखाली गाव दिसायचं. ते एका क्षणात गेलं. फक्त जनरेटरवरचा पाळणा एकटाच गोल फिरत राहिला. मला त्यांचा इतका राग आला होता की मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. ते पिशवी घेऊन खाली गेले आणि त्यांची जुनी स्कूटर गावाच्या दिशेने जाताना ऐकू आली. अंधार केलेल्या गावात, जत्रेच्या संध्याकाळी, अंधार करणारा माणूस एकटा निघाला होता.

पुढचं मला पारूमावशीने सांगितलं. पालखी देवळापुढे अडली होती, लोक पेटले होते. साहेब दिसताच एका गड्याने त्यांची कॉलर धरली. साहेब म्हणाले, "मार नंतर. आधी सांग, तुझ्या घरी आज पाहुणे किती?"

"धा-बारा हायेत. बहिनी आल्यात, दाजी आल्यात, पोरंबाळं हायेत. जत्रा हाय आमची!"

"आणि स्वयंपाक?"

त्याने कॉलर सोडली. त्याच्या आईने मागून सांगितलं, "येका चुलीवर वीस मान्सांच्या पोळ्या हुतात व्हय, सायेब? शेगडी लावली येक. आजच्या दिवस."

तेव्हा साहेबांच्या लक्षात आलं. प्रत्येक घराने आजच्या दिवस एकच शेगडी लावली होती. कुणाच्याही मनात पाप नव्हतं. मुंबई-पुण्याला गेलेल्यांची एरवी बंद असलेली घरंही आज उघडली होती. साहेब देवळाच्या पायरीवर चढले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. मी दिवे मोजले, मोटारी मोजल्या. तुमच्या लेकी माहेरी येतात ते मी मोजलंच नाही. पण काट्यानं बारा दाखवलेत आणि मी बाराच लिहिलेत. पुढं काय होईल ते माझ्या अंगावर. आत्ता एवढंच सांगा, लाइन चालू केली तर तुम्ही शेगड्या बंद ठेवाल का?"

 मग पारूमावशी पुढे झाली. "ऐकलं का ग बायांनो? देवळाम्होरं चुलवानं मांडा. पुरान, कनिक, तवं घिऊन समद्याजणी हितं या. माज्या गिरनीमागं लाकडाचा ढीग हाय, त्यो घ्या. आन ज्या घरात आता शेगडी दिसंल, त्या घरचं दळान माज्या गिरनीत पुन्यांदा यायचं न्हाई."

पाऊण तासाने बूथवरून साहेबांचा फोन आला. "चालू कर." मी ब्रेकर चढवला.  काटा उठला. चार, सहा, आठ. साडेआठवर थांबला आणि दहापर्यंत तिथून हलला नाही. समोर गाव पुन्हा उजळलं होतं, आणि देवळापुढे पंचवीसेक चुलींचा जाळ वेगळा ओळखू येत होता.

दुसऱ्या दिवशी साहेब ती लॉगशीट स्वतः घेऊन पुण्याला गेले. मोठ्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, त्यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि योजना रद्द केली. अट म्हणजे अट. तो अख्खा उन्हाळा गाव सात ते दहा अंधारात बसलं. पोरं पुन्हा कंदिलापाशी. गावातले लोक साहेबांशी बोलेनासे झाले आणि मीही चार दिवस कामापुरतंच बोललो. पाचव्या दिवशी न राहवून म्हणालो, "एक आकडा खोटा लिहिला असता तर काय बिघडलं असतं?"

ते भांडले नाहीत. म्हणाले, "काही बिघडलं नसतं. पण मग मोठ्या साहेबांना कुठल्या तोंडानं सांगणार होतो की आमच्या काट्यावर विश्वास ठेवा? आता सांगता येईल."

आणि ते सांगायच्या तयारीला लागले. पिशवी घेऊन घरोघर हिंडायला सुरुवात केली. यावेळी दिवे, मोटारी नाही. ओट्यावर बसायचं आणि विचारायचं, "लेकी किती? कुठं दिल्यात? वर्षातून कधी कधी येतात? किती दिवस राहतात? जावई बरोबर येतात का?" लोकांना वाटलं, साहेबांच्या डोक्यावर परिणाम झाला. एका म्हाताऱ्याने तर हळूच विचारलं, "सायेब, सोयरिक आनलीय का काय? धाकटीचं राह्यलंय आमच्या." एका घरात तिघी सासुरवाशिणी लेकींची नावं सांगता सांगता आई रडायला लागली, कारण मधली चार वर्षांत आली नव्हती. साहेबांनी त्या मधलीच्या नावापुढे काही लिहिलं नाही. पण नंतर तिच्या सासरच्या गावी आमच्याच खात्यातला कोणी ओळखीचा निघाला, त्याच्या हाती त्यांनी निरोप पाठवला. ती गौरीला आली, असं ऐकलं.

दोन महिन्यांनी तयार झाला तो कागद मी बघितला. वीज खात्याच्या छापील तक्त्यात, दिवे, पंखे, मोटारी यांच्या खाली साहेबांनी हाताने एक रकाना वाढवला होता: माहेरवाशिणी. जत्रा, गौरी, दिवाळी आणि त्या दिवसांचा वाढीव भार. मोठे साहेब तो वाचून इतके हसले की शेजारच्या खोलीतून माणसं बघायला आली. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "माझी बायको गौरीला माहेरी जाते तेव्हा मी कधी हा विचार केला नव्हता." जत्रा, गौरी आणि दिवाळीला तेरा अँपिअर, एरवी दहा. योजना पुन्हा मंजूर झाली.

गौरीच्या संध्याकाळी मी आणि साहेब काट्यापुढे बसलो होतो. काटा साडेअकरावर थांबला. साहेबांनी नुसती माझ्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी मला कळलं की मी इतके दिवस फक्त आकडे लिहीत होतो.

पुढे दोन वर्षांनी त्यांची बदली झाली. गावाने शाल-नारळ दिला, मावशीने ताज्या पिठाची गोणी दिली. टेंपोच्या टपावर सूर्यचूल दोरीने बांधली होती. जाताना त्यांनी टेंपोवाल्याला दिवसा हेडलाइट कशाला लावलास म्हणून झापलं. त्यानंतर आमची भेट नाही.

काळ पुढे सरकला. दोन हजार दहाच्या सालाकडे येता येता आमच्या भागातलं संध्याकाळचं भारनियमन उठलं. वरून पत्र आलं की आता मर्यादेची गरज नाही, योजना बंद. मी स्वतः ते पत्र ग्रामपंचायतीत नेऊन दिलं, ते वाचून दाखवलं गेलं. आता गावाने सात ते दहा मोटारी चालवाव्यात, गिरणी चालवावी, शेगड्या लावाव्यात, कुणाची काही हरकत नव्हती.

त्याच सुमारास आमच्याकडे नवे साहेब आले. मारुंजीत फ्लॅट घेऊन राहणारा तरुण मुलगा, हुशार, कामाला वाघ. तिसऱ्याच दिवशी संध्याकाळी ते सबस्टेशनवर होते. सात वाजले आणि त्या फीडरचा काटा तीसवरून कोसळत नऊवर आला.

"अरे, लोड गेला!" ते ओरडले. "कुठेतरी तार तुटलीय. जीप काढा."

मला कारण माहीत होतं, पण मी बोललो नाही. ते त्यांनी गावातच ऐकावं असं मला वाटलं. आमची जीप लाइनच्या कडेकडेने निघाली. नवे साहेब बॅटरी मारून एकेक खांब बघत होते. तार कुठेही तुटलेली नव्हती. गावात शिरलो तर घरोघर दिवे लख्ख, टीव्हीचे आवाज. पारूमावशीची गिरणी बंद होती. दारात चार गिऱ्हाइकं दळणाचे डबे घेऊन गप्पा मारत बसलेली, आणि मावशी उंबऱ्यावर तांदूळ निवडत होती. तिचे केस आता पूर्ण पांढरे झाले होते.

"मावशी, लाइट आहे का?" नव्या साहेबांनी विचारलं.

"हाय की. दिसंना व्हय?"

"मग गिरणी का बंद? मोटारी का बंद? आता तसं काही बंधन नाही. पत्र आलं ना तुम्हाला?"

"आलंय की. वाचून दावलं आमाला."

"मग? कुठे तार तुटलीय का?"

मावशीने हातातलं सूप खाली ठेवलं. आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग त्या पोराकडे.

"तार कशाला तुटंल, बाळा? सात वाजल्यात."

नवे साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी जीपमध्ये जाऊन बसलो, कारण मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.